इस्त्री केलेली जमीन

मी एक जुना रोलर आहे. मित्रांनो, जमीन सपाट करण्यासाठी आडव्या पिंपासारखे जे लोखंडी धूड दांड्याला धरून ढकलत नेतात ना, तेच मी. एका शहरातल्या बागेत माझे सगळे आयुष्य गेले. आत्मवृत्त म्हटले की आपली थोरवी गायची, असा रिवाज आहे. खुर्ची सांगते, माझ्यावर कोण कोण बसले. छत्री सांगते, मी किती जणांना कोरडे ठेवले. माझ्यापाशीही मिरवण्यासारखे पुष्कळ होते. आता ते सांगताना मान वर होत नाही. पण मोठ्यांच्या फजितीतून लहानांना बरेच शिकता येते, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, ते निवले आणि मी तयार झालो. आतून मी पोकळ आहे. हसू नका, पोकळ असण्यातच माझी करामत आहे. माझ्या कुशीला एक बूच आहे. ते काढून पोटात पाणी भरले की चांगली धट्टीकट्टी माणसेही मला ढकलताना घामाघूम होतात. मला निरोप देताना ओताऱ्याने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा गड्या, जाशील तिथे सगळं सरळ कर." तो आशीर्वाद मी जरा जास्तच मनावर घेतला.

बागेत मी आलो तेव्हा तिथला माळी नुकताच कामाला लागला होता. उंच, सडपातळ, आणि टापटिपीचा असा भोक्ता की खुरपेसुद्धा पुसून ठेवायचा. आमचे पहिल्याच दिवशी जमले. तो आदल्या संध्याकाळी गवताला पोटभर पाणी द्यायचा, रात्रभर ते मुरू द्यायचा आणि सकाळी माती नरम झाली की मला बाहेर काढायचा. आधी उभा फेरा, मग आडवा. उंचवटा दिसला की पुन्हा एकदा तिथे. काम झाले की जमिनीला डोळा लावून पालथा पडायचा आणि कुठे घडी राहिली आहे का ते पाहायचा. त्याचे हे वेड पाहून लोकांनी त्याचे नाव इस्त्रीकाका ठेवले. त्याला ते नाव फार आवडायचे. वरवर चिडल्यासारखे करायचा, पण हाक आली की दोन पावले पुढेच असायचा.

आमच्या हिरवळीची कीर्ती गावभर झाली. नवी जोडपी फोटो काढायला येत. सकाळी फिरायला येणारी वडीलधारी मंडळी बाकावर बसून म्हणत, "अहो, गालिचा म्हणायचा की गवत?" असे कोणी म्हटले की काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचे. माझ्या अंगावर मांस कुठले चढणार! पण अंगावरचा गंज आपोआप झडल्यासारखे मला वाटायचे.

त्या गालिच्याखाली काय चालले आहे, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. पाऊस पडला की पाणी खोल शिरायचे नाही, वरच्यावर वाहून गटारात जायचे. गांडुळे दिसेनाशी झाली. गांडुळे नाहीत म्हणून पक्षी उतरेनात. गवताची मुळे बोटभरसुद्धा खोल जाईनात, म्हणून दर थोड्या दिवसांनी ते पिवळे पडायचे आणि दुसरे आणून अंथरावे लागायचे. काका म्हणायचे, "हल्लीचं गवतच नाजूक." मी म्हणायचो, खरे आहे. माझ्या पोटात पाणी होते आणि डोक्यात हवा.

काकांना एकच मुलगी. रोपवाटिकेमागे त्यांच्या दोन खोल्या होत्या, तिथेच ती लहानाची मोठी झाली. बापाच्या हिरवळीवर पाऊल टाकायची तिलाही परवानगी नव्हती. त्यामुळे ती खेळायची बागेच्या पार टोकाला, पालापाचोळा टाकतात त्या कोपऱ्यात. तिथे दगड उचलून खाली कोण आहे ते पाहणे, हा तिचा आवडता खेळ होता. पुढे ती शिकली, त्याच बागेत कामाला लागली, आणि काका निवृत्त झाले तेव्हा मुख्य माळी म्हणून तिचीच नेमणूक झाली. त्या दिवशी काकांनी बागेतल्या एकूण एक झाडाला जाऊन ही बातमी सांगितली असावी. मला तर दोनदा सांगितली.

आणि मग त्यांच्या लेकीने काय केले? टोकाच्या त्या कोपऱ्यातले विकतचे गवत उपटून टाकले. तिथे एक उथळ तळे खणले. या भागातले जुने, रानटी म्हणून हाकलून लावलेले गवत आणि झुडपे शोधून आणली आणि मनासारखी वाढू दिली. पडलेले खोड उचलले नाही. वाटेला लागून उन्हात तापणारा मोकळ्या मातीचा एक पट्टा मुद्दाम उघडा ठेवला. सगळ्यांना सांगून टाकले, "या कोपऱ्यात कापणी नाही, फवारणी नाही, आणि रोलर तर मुळीच नाही." मला ढकलत नेऊन त्याच कोपऱ्यातल्या कुंपणाशी लावून ठेवले. माझ्या दांड्यावर वेल चढला. मी रुसलो होतो, पण लोखंडाचा रुसवा कोणाला कळतो?

लोकांची तोंडे कोण धरणार! बाकावरची मंडळी म्हणू लागली, "बाप इस्त्री करायचा, लेक चुरगाळून ठेवते." कोणी त्या कोपऱ्याला उकिरडा म्हणे. काका आता बागेबाहेर राहायला गेले होते, पण रोज सकाळी फिरायला येत आणि हे सगळे ऐकून घेत. हळूहळू ते बाकावर बसेनासे झाले. मान खाली घालून दुसऱ्या दाराने येत आणि तसेच जात. एकदा माझ्याजवळच उभे राहून ते लेकीला म्हणाले, "बाळ, लोक हसतात गं. थोडं तरी आवरून घे. पुढचा भाग तरी."

"बाबा, हे आवरलेलंच आहे. फक्त आपल्यासाठी नाही."

"मग कोणासाठी?"

ती काहीतरी सांगणार होती, पण तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली आणि ती गेली. काका बराच वेळ त्या तळ्याकडे पाहत राहिले. त्यांना त्यात फक्त शेवाळ दिसले असावे.

थंडी सरली आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर पाहुणे आले. मी जवळच होतो, म्हणून सर्वांत आधी मला दिसले. लहानशा, करड्या केसांच्या माश्या. मधमाश्यांच्याच जातकुळीतल्या, पण यांचे पोळे नसते, राणी नसते. प्रत्येकीचे घर वेगळे. प्रत्येक जणी पायांनी माती उकरून आपले बीळ खणते. बिळाच्या तोंडाशी मातीची चिमुकली रास पडते, मधोमध भोक. खाली तळाशी ती परागाचा गोळा करून ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि वरून दार लिंपून घेते. दिवसभर ये-जा, आणि सूर्य मावळला की सगळ्या आपापल्या घरी. इतके कष्टाळू शेजारी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाले. मी चक्क रुसवा विसरलो.

लेकीने त्या माश्या पाहिल्या तेव्हा ती वाटेवर मटकन खालीच बसली. याच माश्यांची ती वाट पाहत होती. त्या आल्या म्हणजे जमीन पुन्हा श्वास घेऊ लागली, असे तिचे म्हणणे होते. पंप चालवणाऱ्या मामांना तिने हाताला धरून आणून दाखवले. मामा म्हणाले, "काकांना दाखव की. खूश होतील."

तिने त्या माश्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "कशी सांगू, मामा? ज्यांनी मला खुरपं धरायला शिकवलं, त्यांना मी सांगू की तुमच्या हिरवळीखाली काही जगत नव्हतं? माझी जीभच उचलत नाही."

मामांनी मान हलवली. आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

इकडे बागेच्या समितीपुढे प्रश्न आला होता. कोपऱ्याबद्दल तक्रारी गेल्या होत्या. तो तसाच ठेवायचा, की फरशी घालून तिथे गाड्या लावायला जागा करायची, हे ठरवायला समितीच्या अध्यक्षबाई स्वतः येणार होत्या. लेकीने त्यांना सांगितले होते, "एकदा येऊन बघा, मग काय ते ठरवा." तिची सगळी भिस्त त्या मातीच्या पट्ट्यावर होती. काकांच्या कानावर मात्र एवढेच गेले की उद्या मोठी माणसे येणार आहेत आणि लेकीच्या कामाची पारख होणार आहे.

मित्रांनो, पाहुणे यायचे असले की तुमच्या घरी काय करतात? चादरी बदलतात, पसारा कपाटात कोंबतात. काकांनीही तेच केले. आदल्या संध्याकाळी लेक कामात गुंतलेली पाहून ते नळी ओढत कोपऱ्यात आले. वाटेवरून येताना पहिल्यांदा नजरेस पडणारा भाग म्हणजे तो मातीचा पट्टा, आणि त्यावर जिकडे तिकडे मातीच्या राशी. त्यांच्या टापटिपीच्या डोळ्यांना तो नुसता गचाळपणा दिसला. त्यांनी सवयीप्रमाणे सगळ्या पट्ट्याला पाणी दिले आणि मुरायला सोडून ते घरी गेले.

उजाडता उजाडता ते परत आले. जुन्या किल्ल्या अजून त्यांच्याकडे होत्या. माझ्या दांड्यावरचा वेल त्यांनी हळूच सोडवला, आसाला तेल दिले, पोटात अर्धेच पाणी भरले, कारण आम्हा दोघांचेही वय झाले होते. मग दांड्यावर हात ठेवून मला म्हणाले, "चल रे गड्या. पोरीची लाज राखायची आहे."

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखे होते. मला आनंद झाला. त्या हातांचा स्पर्श होताच मी सगळे विसरलो. ती पहाटेची वेळ होती, त्या सगळ्या घरातच होत्या, हे बागेत माझ्याखेरीज कोणालाही इतके पक्के ठाऊक नव्हते. तरी मी आनंदाने फिरलो. आधी उभा, मग आडवा. एकदाही अडखळलो नाही. कुरकुरायचे ते आसाचे काम, पण त्यालाही तेल मिळाले होते. नरम माती माझ्याखाली दबत गेली, एकेक रास सपाट होत गेली, आणि मला वाटत होते, जमतंय अजून, आपल्याला जमतंय!

काम संपवून काकांनी कडा हाताने नीट केल्या, घरी जाऊन धुतलेला सदरा घातला आणि लेकीची वाट पाहत ते वाटेवर उभे राहिले. लहान मुलाने चित्र पाठीमागे लपवून उभे राहावे, तसे.

ती आली. पट्टा पाहून जागच्या जागी थांबली. खाली बसून तिने त्या गुळगुळीत मातीवर तळहात ठेवला.

"बाबा, हे कधी केलंत?"

"आत्ता पहाटे. म्हटलं, तुला कुठे वेळ मिळतोय. कशी झाली?"

तिने खिशातला चाकू काढला आणि मातीचे एक ढेकूळ कापून त्यांच्या हातात ठेवले. ढेकळात बिळाचा अर्धा भाग चेपलेला होता. त्यात पाय पोटाशी घेतलेली एक माशी होती. "इथं राहायच्या या," ती म्हणाली. "सगळीकडे. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

तेवढ्यात ऊन आले. नर माश्या रात्री घरात नसतात, फुलांवर झोपतात. तसे काही नर जागे होऊन आले आणि त्या सपाट मातीवर अगदी खालून, इकडून तिकडे, तिकडून इकडे उडू लागले. उतरत नव्हते आणि जातही नव्हते. काका ते पाहत राहिले. माणसे म्हणतात, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे. मलाही तसेच वाटले. पण ती जमीन मीच एवढी दाबून ठेवली होती की तिला दुभंगणेही शक्य नव्हते.

नेमक्या त्याच वेळी समिती आली. अध्यक्षबाई पुढे, मागे दोघे-तिघे सभासद, आणि कुतूहल म्हणून बाकावरची मंडळीही. कोपऱ्यात शिरताच बाई थांबल्या.

"वा! हे छान केलंत," त्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मला वाटलं होतं तितकं काही वाईट नाही. कोणाचं काम हे?"

"अहो, हा हात ओळखू येतो," बाकावरचे एक आजोबा म्हणाले. "आमचे इस्त्रीकाका! दुसरं कोण?"

सगळे कौतुकाने हसले. बाई म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला. तळं बुजवा, झुडपं काढा, सगळा कोपरा असाच करून घ्या. फरशीही नको. काय ताई, चालेल ना?"

आयुष्यभर ज्या कौतुकावर मी जगलो, तेच हे कौतुक होते. त्या दिवशी ते अंगावर उकळते पाणी पडावे तसे पडले. मी लेकीकडे पाहिले. तिने तोंड उघडले आणि मिटले. खरे बोलावे तर बापाची चारचौघांत शोभा होणार, गप्प बसावे तर कोपरा जाणार. तिने मान खाली घातली. ती गप्प राहणार, हे मला कळले.

ते काकांनाही कळले. त्यांच्या मुठीत ते ढेकूळ अजून होते. ते पुढे झाले आणि म्हणाले, "बाई, माफ करा, पण हे छान नाहीये."

"म्हणजे?"

"हे आवरलेलं नाही. हे गाडलेलं आहे. माणसं झोपलेली असताना वरून घर पाडावं, तसं केलंय मी. माझ्या पोरीचा यात काही दोष नाही. तिनं इथं जीव जगवले होते. मला लाज वाटत होती तिच्या या कोपऱ्याची." त्यांनी लेकीकडे पाहिले. "आज माझी मला वाटते."

त्यांनी मूठ उघडली. बाईंनी चष्मा सरसावून त्यांच्या तळहातावर पाहिले, आणि मग खाली, मातीवर घिरट्या घालणाऱ्या नरांकडे. बाकावरचे कोणी हसले नाही. मित्रांनो, ज्या माणसाने हयातभर शाबासकीखेरीज काही ऐकले नाही, त्याने भरल्या घोळक्यात असे बोलायला किती बळ लागत असेल! मला पोटभर पाणी भरून ढकलायलाही तेवढे लागत नाही.

"आता काय करता येईल?" बाईंनी लेकीला विचारले.

"काही नाही. वाट बघायची. खाली बंद घरांत काही अंडी वाचली असतील, तर पुढच्या वर्षी थंडी सरल्यावर कळेल."

"आणि नसतील तर?"

लेक त्या सपाट मातीकडे बघू लागली. बाईंनी पुन्हा त्या नरांकडे पाहिले. "बरं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन. तोवर इथं काहीच करू नका. पण तेव्हाही जमीन अशीच असेल, तर मात्र फरशी."

काकांनी त्याच दुपारी दाताळे आणले. सगळा पट्टा पुन्हा भुसभुशीत करून देतो म्हणाले. लेकीने त्यांचा हात धरला. "नको, बाबा. खाली जे जगलंय तेही मोडेल." केलेली चूक हातांनी निस्तरायची सवय असलेल्या माणसाला हात बांधून बसायला सांगणे, याहून मोठी शिक्षा नाही. त्यांनी दाताळे खाली ठेवले. मग माझ्याजवळ येऊन माझे बूच काढले आणि पाणी पूर्ण संपेपर्यंत उभे राहिले. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

ते वर्ष फार मोठे गेले. पाऊस आला, थंडी आली. काका रोज येत आणि पट्ट्याच्या कडेला बसून राहत. लेक काम संपवून त्यांच्या शेजारी येऊन बसे. आता ती त्यांना सगळे सांगायची, कोणते झुडूप कोणासाठी, तळे उथळ का, खोड का उचलायचे नाही. ते मध्येच विचारत, "आणि हिरवळीखाली? तिथं काहीच नव्हतं?" ती म्हणायची, "नव्हतं, बाबा." त्यावर ते मान डोलवत. ती मान पाहून मला माझे तोंड कुठे लपवू असे होई.

थंडी सरली. ऊन तापू लागले तरी पट्टा गुळगुळीतच होता. आणि एका सकाळी, मातीला पडलेल्या एका भेगेच्या कडेला, चिमूटभर रास दिसली. मधोमध भोक. त्यापुढे आणखी काही. गेल्या वर्षीच्या मानाने अगदीच थोडी, सहज मोजता येतील इतकी. काकांनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणीच, बाजूबाजूने चालत लेकीला हाक मारायला गेले.

ठरल्याप्रमाणे अध्यक्षबाई आल्या. बाकावरची मंडळीही आली. त्यांच्यातले एक आजोबा पट्टा पाहून नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "अहो काका, पुन्हा ढेकळं झालीत की! जरा रोलर फिरवा."

काकांनी ओठांवर बोट ठेवले.

"हळू," ते म्हणाले. "घरात माणसं आहेत."

बाईंनी आपले पाऊल वाटेवर मागे घेतले. त्यानंतर फरशीचा विषय कोणी काढला नाही.

मी अजून कुंपणाशीच आहे. वेल पुन्हा चढला आहे, गंज आला आहे, आणि कोणी माझी चौकशी करत नाही. आता मी रुसत नाही. मधे कोणीतरी सुचवले, याला रंग देऊन दारात शोभेला ठेवू, इतकी वर्षे सेवा केली आहे. काका नको म्हणाले, तेव्हा हायसे वाटले. ज्या घरांवरून मी फिरलो, त्यातली किती तरी पुन्हा उघडली नाहीत. त्यावर कसला रंग देणार?

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे. कुठे अगदी साफ, सपाट, डोळ्यांत भरेल अशी जमीन दिसली, तर टाळी वाजवण्याआधी खाली बसा. तिच्यावर तळहात ठेवा. आणि जो कोणी शेजारी कौतुकाची वाट पाहत उभा असेल त्याला विचारा, इथे आधी कोण राहत होते?